शास्त्रज्ञाला पांढरा कोट लागतोच का?

‘शास्त्रज्ञाचं चित्र काढा’ एवढंच सांगून डेव्हिड चेंबर्स यांनी १९६६ ते १९७७ या काळात ४,८०७ मुलांची चित्रं जमवली. मुलं मुख्यतः कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलियातली. चित्रांत पांढरा कोट, चष्मा, दाढी, चंबूपात्रं. बाई शास्त्रज्ञ फक्त २८ चित्रांत, तीही सगळी मुलींनी काढलेली. २०१८मध्ये अमेरिकेतल्या अशा ७८ अभ्यासांचा एकत्र हिशेब मांडला, तेव्हा परिस्थिती बरीच सुधारलेली दिसली. पण पाच-सहा वर्षांची मुलं बाया आणि पुरुष जवळपास सारखेच काढतात, वय वाढतं तसे पुरुषच वाढत जातात. ही समजूत पोरं शाळेच्या वयातच उचलतात.

विज्ञान दिनाला थोरांचे फोटो लावून, भाषणं ठोकून ती जाईल असं मला वाटत नाही. न्यूयॉर्कमध्ये नववी-दहावीच्या काही मुलांना आइन्स्टाइन, क्युरी, फॅरेडे यांच्या धडपडीच्या गोष्टी वाचायला दिल्या, काहींना नुसत्या पराक्रमाच्या. धडपड वाचलेल्यांचे विज्ञानाचे गुण वाढले, त्यातही मागे पडलेल्यांचे जास्त. पराक्रमवाल्यांना काही फायदा झाला नाही.

धडपडच सांगायची तर लांब कशाला जायचं? चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे (मराठवाड्यातलं नव्हे!) दादाजी खोब्रागडे. शिक्षण तिसरी, जमीन दीडेक एकर. १९८३च्या सुमारास ‘पटेल ३’ धानाच्या बांधीत त्यांना काही लोंब्या निराळ्या दिसल्या. त्या खुडून जपल्या, पुढच्या हंगामात वेगळ्या लावल्या, पुन्हा निवडल्या. असं वर्षानुवर्षं करून बारीक दाण्याचा ‘एचएमटी’ तांदूळ आला. नाव तेव्हाच्या लोकप्रिय घड्याळाचं. निराळं झाड हेरायचं, अलग वाढवायचं, पुढची पिढी तशीच निघते का बघायचं: कृषी विद्यापीठातही निवड पद्धत हीच.

हे वर्गात सांगावंच, पण पोरांच्या हातालाही काम द्यावं. कपाशीत गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावतात. आतल्या गोळीला मादीचा वास असतो, म्हणून नर पतंग येऊन अडकतात. सातवीतल्या पोरीने रोज सकाळी ते मोजून वहीत मांडावेत. शिवाय डोमकळ्याही बघाव्यात. न उमलता गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहिलेलं फूल उकललं, की आत बहुधा अळी सापडते. एकेका सापळ्यात रात्रीला आठ पतंग, असे सलग तीन रात्री आले, तर फवारणीची वेळ आली. तेवढे नसतील, तर शेजाऱ्याने पंप काढला म्हणून आपणही काढू नये, हे बाबांना वही दाखवून तिनेच सांगावं.