कन्सोल घेण्यापूर्वी : कंपनीच्या आगामी गेमविषयीच्या शंका

नवी पेठेतील आमच्या दुकानात येणारे ग्राहक पूर्वी आधी किंमत, वॉरंटी आणि हप्ते विचारत. अलीकडे पहिला प्रश्न वेगळा असतो : "आज प्लेस्टेशन ५ घेतले आणि पुढे सोनीने स्वतःचे गेमच काढले नाहीत, तर?" हा प्रश्न रास्त आहे. दिवाळीच्या बोनसमधून कन्सोल, म्हणजे टीव्हीवर गेम खेळायचे यंत्र, घेणाऱ्या कुटुंबाला त्याचे सरळ उत्तर मिळायला हवे, म्हणून हे पत्रक काढले आहे.

कन्सोल बनवणारी कंपनी आपल्या मालकीच्या स्टुडिओंकडून जे गेम तयार करून घेते, त्यांना फर्स्ट पार्टी गेम म्हणतात. क्रिकेट-फुटबॉलचे गेम बहुधा इतर कंपन्यांचे असतात आणि ते एकाहून अधिक कन्सोलवर मिळतात. त्यामुळे अमुकच कन्सोल का घ्यावा, याचे मुख्य कारण फर्स्ट पार्टी गेम हेच असते.

ग्राहकांच्या शंकेला आधार आहे. मार्च २०२६ पर्यंत सतत ऑनलाइन चालणारे १२ गेम आणण्याचे सोनीने २०२२ मध्ये सांगितले होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये हा आकडा ६ वर आला. 'द लास्ट ऑफ अस' या सोनीच्या गाजलेल्या मालिकेचा ऑनलाइन गेम डिसेंबर २०२३ मध्ये रद्द झाला. 'कॉनकॉर्ड' हा असाच ऑनलाइन गेम २३ ऑगस्ट २०२४ रोजी आला आणि दोनच आठवड्यांनी, ६ सप्टेंबरला, ग्राहकांचे पैसे परत करून बंद करण्यात आला. आमच्या मते खरे नुकसान पैशाचे झाले नाही. एकट्याने खेळायच्या कथाप्रधान गेमवर ज्या स्टुडिओंचा हात बसलेला होता, त्यांतील काहींची वर्षे दुसऱ्याच कामात गेली, आणि ती आता भरून निघणारी नाहीत.

कारण एक मोठा गेम उभा राहायलाच पाच वर्षे लागतात. २०२३ मध्ये अमेरिकेतील एका खटल्यात उघड झालेल्या कागदपत्रांनुसार सोनीच्या 'होरायझन फॉरबिडन वेस्ट' या गेमसाठी सुमारे पाच वर्षे, तीनशे माणसे आणि २१ कोटी डॉलरहून अधिक रक्कम लागली. म्हणजे आज यादीत दिसणारी पोकळी ही चार-पाच वर्षांपूर्वीच्या निर्णयांची असते.

मात्र कंपनी गप्प आहे म्हणजे तिच्याकडे काही नाही, असेही समजू नये. मार्च २०२५ पर्यंत आपल्या गाजलेल्या मोठ्या मालिकांतील नवा गेम येणार नाही, असे सोनीने फेब्रुवारी २०२४ मध्येच सांगितले होते, आणि त्याच काळात सोनीचाच 'अॅस्ट्रो बॉट' आला. तो आला ६ सप्टेंबरला, म्हणजे कॉनकॉर्ड बंद पडला त्याच दिवशी, आणि डिसेंबरात 'द गेम अवॉर्ड्स'मध्ये वर्षातील सर्वोत्तम गेमही तोच ठरला. पुढे सोनीचा 'घोस्ट ऑफ योतेई'ही ऑक्टोबर २०२५ मध्ये आला.

उलट घोषणेवरही विसंबता येत नाही. कन्सोल बनवणाऱ्या इतर कंपन्यांचेही तेच : निन्तेन्दोने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या 'मेट्रॉइड प्राइम ४'चे काम २०१९ मध्ये पुन्हा पहिल्यापासून सुरू करावे लागले आणि तो डिसेंबर २०२५ मध्ये हाती आला. मायक्रोसॉफ्टने २०२० मध्ये जाहीर केलेला 'परफेक्ट डार्क' तर जुलै २०२५ मध्ये रद्दच झाला.

म्हणून आमचा सल्ला असा, की आज बाजारात असलेले गेम पाहूनच कन्सोल घ्यावा. घरातील सर्वांना मनापासून खेळावेसे वाटतील असे चार-पाच गेम आत्ताच मिळत असतील, तर खुशाल घ्यावा. मन एकाच न आलेल्या गेमवर असेल, तर तो येईपर्यंत थांबावे, त्यात आमची विक्री लांबली तरी चालेल. नवा कन्सोल आला की जुना लगेच निकामी होईल, ही भीतीही फारशी खरी नाही : प्लेस्टेशन ५ येऊन दोन वर्षे झाल्यावर, नोव्हेंबर २०२२ मध्ये, सोनीचा 'गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक' जुन्या प्लेस्टेशन ४ वरही आला होता.

शक्यतो डिस्क चालणारा कन्सोल घ्यावा. खेळून झालेली डिस्क विकता येते, मित्राला देता येते. डाउनलोड केलेल्या गेमचे तसे करता येत नाही. पुढे गेम कमी आले, तर हाच फरक खिशाला जाणवतो.

तारीख जाहीर न झालेल्या गेमसाठी आम्ही आगाऊ रक्कम घेत नाही. तारीख जाहीर होऊन नंतर पुढे गेली, तर ग्राहकाने मागताच पूर्ण रक्कम परत देतो. दुकानात एक कन्सोल खेळून पाहण्यासाठी जोडून ठेवला आहे. येताना मुलांना आणि त्यांच्या आवडीच्या गेमची यादी सोबत आणावी.