जागलीच्या बॅटरीसाठी सोलर चार्जर : किट जोडणी आणि लाल दिव्याचा अर्थ

हे किट ६ व्होल्ट ४.५ एएचच्या सीलबंद लेड-ॲसिड बॅटरीसाठी आहे. जागलीच्या, म्हणजे रात्री शेत राखायच्या टॉर्चमध्ये किंवा इमर्जन्सी दिव्यात असते ती. फवारणी पंपाची बॅटरी १२ व्होल्टची, ती यावर भरणार नाही. लिथियमची तर मुळीच लावू नका.

पॅनल मात्र १२ व्होल्ट १० वॅटचं दिलं आहे, आणि ते मुद्दाम. पॅनल तापलं की त्याचा व्होल्टेज पडतो. नवतप्यात (मे अखेरच्या कडक उन्हात) पॅनलचे सेल ६५ अंशांच्या पुढे जातात, तेव्हा १७-१८ व्होल्टचे जेमतेम १५ उरतात. त्यातले दोन-अडीच रेग्युलेटर, म्हणजे व्होल्टेज ठरावीक ठेवणारा एलएम ३१७, स्वतः खातो. ९ व्होल्टचं स्वस्त पॅनल अशा वेळी, म्हणजे नेमकं भर उन्हात, कमी पडतं. आमच्या जोडणीत जास्तीचा व्होल्टेज उष्णता होऊन वाया जातो खरा, पण चार्जिंग अडत नाही.

जोडणी

पॅनलची लाल वायर आधी ४.७ ओहम ५ वॅटच्या रेझिस्टरला, तिथून एलएम ३१७ रेग्युलेटरच्या इनपुटला. अक्षरं आपल्याकडे धरली तर डावा पाय ॲडजस्ट, मधला आउटपुट, उजवा इनपुट. आउटपुट आणि ॲडजस्टमध्ये २४० ओहम. ॲडजस्टपासून निगेटिव्हला १ किलोओहम आणि ५०० ओहमचा प्रीसेट (स्क्रूने फिरवून कमी-जास्त करायचा रेझिस्टर) एकामागे एक. इनपुट व आउटपुटपासून निगेटिव्हला ०.१ मायक्रोफॅरडचा एकेक कपॅसिटर. आउटपुटपुढे १एन ५८१९ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा), त्याच्या अंगावरचा पट्टा बॅटरीकडे. शेवटी बॅटरीजवळ २ अँपिअरचा फ्यूज.

रेग्युलेटरला हीटसिंक (उष्णता बाहेर टाकणारी धातूची पट्टी) लागतेच, भर उन्हात तो चारेक वॅट उष्णता सोडतो. त्याची पाठ आतून आउटपुटला जोडलेली असते, म्हणून हीटसिंक लोखंडी डब्याला किंवा निगेटिव्ह वायरला टेकू देऊ नका.

लाल दिव्यासाठी बीसी ५५७ ट्रान्झिस्टर. त्याचे तीन पाय असे जोडा : एमिटर पॅनलच्या लाल वायरला, बेस १ किलोओहममधून ४.७ ओहमच्या दुसऱ्या टोकाला, कलेक्टर लाल एलईडी आणि २.२ किलोओहममधून निगेटिव्हला. हिरवा एलईडी आणखी एका २.२ किलोओहममधून थेट पॅनलवर.

व्होल्टेज बसवताना

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. बॅटरी काढून, उन्हात, डायोडच्या पुढे मल्टीमीटर लावायचा. पण नुसता नाही. किटमधला १०० ओहम १ वॅटचा रेझिस्टर तिथे जोडा आणि मग प्रीसेट फिरवून ६.९ व्होल्ट करा. काहीच लोड नसेल तर डायोड आपला वाटा कापत नाही, मीटर खोटं सुख दाखवतो आणि बॅटरी कधीच पूर्ण भरत नाही. एप्रिल-मेमध्ये ६.७ वर ठेवा, नाहीतर बॅटरी फुगते. या वेळी लाल दिवा लागत नाही. एवढ्या करंटला तो लागणारही नाही. झाल्यावर प्रीसेटवर नेलपॉलिशचा थेंब टाका. धूळ बसून त्याचा संपर्क तुटला, तर पॅनलचा जवळजवळ सगळा व्होल्टेज बॅटरीवर जातो.

दिवा काय सांगतो

करंट साधारण १४० मिलिअँपिअरच्या वर असेल तोवर लाल दिवा लागतो. बॅटरी भरत आली की करंट घटतो आणि दिवा विझतो. पण ढग आले, धुऱ्यावरच्या बाभळीची सावली पडली किंवा दिवस कलला, तरीही तो विझतो. त्यामुळे संध्याकाळी लाल दिवा विझलेला पाहून "झाली फुल" म्हणत बॅटरी काढू नका. निकाल दुपारी ११ ते ३ मध्येच, कडक ऊन असताना घ्या. हिरवाही नसेल तर पॅनलची वायर तपासा, उंदीर कुरतडतात.

पूर्ण उतरलेली बॅटरी भरायला दोन-तीन दिवस स्वच्छ ऊन लागतं. ३ वॅटचा दिवा भरल्या बॅटरीवर सहाएक तास लावा, आणखी ताणू नका. ५.२५ व्होल्टच्या खाली गेलेली बॅटरी तशीच पडून राहिली की आत सल्फेटचा थर धरते. मग ती करंट घेतच नाही : व्होल्टेज लगेच चढतो, लाल दिवा क्षणभर लागून विझतो, आणि रात्री रोही (नीलगाई) आले की टॉर्च दोन मिनिटांत मरतो. तूर निघाल्यावर बॅटरी कोपऱ्यात टाकून देऊ नका, महिन्यातून एक दिवस उन्हात भरा.

चार दिवसांच्या उन्हानंतरही लाल दिवा विझत नसेल तर बॅटरी जोडलेली ठेवूनच तिचा व्होल्टेज मोजा. साडेचारच्या आसपास अडकली असेल तर आतला एक सेल गेलेला आहे, बॅटरी बदला. ७.२ च्या वर असेल तर प्रीसेट सरकला आहे.

पॅनल दक्षिणेकडे तोंड करून, जमिनीशी २१ अंश कलवून बसवा. काच सकाळी ओल्या फडक्याने पुसा. दुपारी तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका.