बदली खेळाडूचा फ्री थ्रो

बदली खेळाडूचा फ्री थ्रो (बास्केटबॉल) : ज्याच्यावर फाऊल झाला त्यानेच फ्री थ्रो (फाऊलच्या भरपाईत ठरावीक रेषेवरून, कोणी न अडवता करायची फेक) मारायचा, या नियमाचा अपवाद. तो खेळाडू जखमी होऊन बाहेर गेला तर त्याच्या वाट्याचे थ्रो कोणाचे, हे यात ठरते. ठाणे व नवी मुंबईतल्या शालेय आणि क्लब स्पर्धा आंतरराष्ट्रीय महासंघाच्या (फिबा) नियमांनी चालतात. त्यांत उत्तर सरळ आहे : त्याच्या जागी जो आत येतो, तोच मारतो. टीव्हीवर एनबीए (अमेरिकेतील व्यावसायिक लीग) पाहणारी मंडळी मात्र ‘समोरचा कोच माणूस निवडतो’ असे ठामपणे सांगतात, आणि गुणलेखकाच्या टेबलापाशी वाद सुरू होतो.

मूळ : बास्केटबॉलचे जनक जेम्स नेस्मिथ यांच्या 15 जानेवारी 1892 रोजी छापल्या गेलेल्या 13 नियमांत फ्री थ्रो नव्हताच. एका संघाने लागोपाठ तीन फाऊल केले आणि दरम्यान समोरच्याने एकही केला नाही, की समोरच्याला एक गोल मिळे. पाचव्या नियमानुसार उघडपणे इजा करण्याच्या हेतूने फाऊल करणारा सबंध सामन्यासाठी बाहेर जाई आणि त्याच्या जागी बदली मिळत नसे. म्हणजे या खेळात इजा आणि बदली यांची पहिली गाठ पडते ती जखमी झालेल्याशी नव्हे, जखमी करणाऱ्याशी. फ्री थ्रो 1894 च्या सुमारास आला, आधी 20 फुटांवरून आणि थोड्याच काळात 15 फुटांवरून. त्यानंतर बराच काळ थ्रो कोणी मारावा याला बंधन नव्हते. प्रत्येक संघ आपला हुकमी नेमबाज पुढे करी. ही मुभा केव्हा संपली याविषयी एकवाक्यता नाही. काही अमेरिकी कालपट 1923–24 चा हंगाम देतात, काही नुसते 1924. हंगाम दोन वर्षांत विभागला जात असल्याने हा फरक बहुधा नोंदीच्या पद्धतीचा असावा. हंगामाचा उल्लेख अधिक ग्राह्य वाटतो. जखमी खेळाडूचा प्रश्न त्यानंतरचाच, कारण कोणीही मारू शकत होते तोवर तो उद्भवतच नव्हता.

फिबाचा नियम : नुसती बदली मागितली असेल, तर खेळाडूने आपले थ्रो मारूनच बाहेर जायचे. तो जखमी असेल, त्याचा पाचवा फाऊल झाल्याने तो बाद झाला असेल किंवा त्याला अपात्र ठरवले असेल, तर थ्रो बदलीकडे जातात. बदलीच उरला नसेल, तर प्रशिक्षक सांगेल तो सहकारी मारतो. जखमी खेळाडू सुमारे 15 सेकंदांत खेळायला उभा राहिला नाही, किंवा त्याच्यावर उपचार झाले, तर बदली सक्तीची. रक्त येत असल्यासही तसेच; रक्त थांबून जखम पूर्ण झाकल्याशिवाय परत येता येत नाही. सिमेंटच्या कोर्टवर खरचटलेला गुडघा हे याचे रोजचे उदाहरण. पंचाचे लक्ष पोटरीवरून मोज्यापर्यंत आलेल्या ओघळाकडे गेले, की मुलगी ‘सर, काही नाही झालं’ म्हणत राहिली तरी तिला बाहेर जावे लागते. यातून एक वाट आहे : बदलीला आत बोलावण्यापूर्वी टाइम-आउटचा बझर वाजला आणि तेवढ्या वेळात पट्टी बसून रक्त थांबले, तर तीच थ्रो मारू शकते. जाणता प्रशिक्षक म्हणूनच आधी टेबलाकडे धावतो, मग औषधाच्या पेटीकडे. दोन थ्रोंच्या मध्ये जखमी खेळाडू बदलला, तर समोरच्यालाही तेवढेच खेळाडू बदलता येतात. टेक्निकल फाऊलचा (धक्काबुक्कीचा नव्हे, गैरवर्तनाचा फाऊल) थ्रो संघातला कोणीही मारतो, त्यामुळे तेथे हा प्रश्न येत नाही.

चुकीच्या खेळाडूने थ्रो मारले व चूक मुदतीत लक्षात आली, तर ते रद्द होतात आणि चेंडू फ्री थ्रो रेषेच्या समोरील बाजूरेषेवरून प्रतिस्पर्ध्यांना मिळतो. गुणलेखकाने बदलीचा क्रमांक लगेच लिहून ठेवावा, तो यासाठी.

एनबीएतील भेद : तेथे साध्या फाऊलनंतर जखमी खेळाडू थ्रो मारू शकला नाही, तर कोर्टवर उरलेल्या चौघांतून नेमबाज समोरचा प्रशिक्षक निवडतो, आणि जखमी खेळाडूला त्या सामन्यात परतता येत नाही. फाऊल खिलाडूवृत्तीला सोडून असेल, तर निवड स्वतःच्या प्रशिक्षकाकडे येते व परतण्याची मुभाही राहते. खोटी दुखापत दाखवून चांगला नेमबाज आत आणण्याची सोय बंद करणे, हा यामागचा उघड हेतू. फिबाच्या नियमात ही पळवाट शिल्लक आहे. पण जखमी मुलाला जबरदस्तीने रेषेवर उभे करण्यापेक्षा ती परवडते, असे प्रस्तुत लेखकास वाटते. 12 एप्रिल 2013 रोजी एनबीएतील खेळाडू कोबी ब्रायंट याने टाचेचा स्नायुबंध तुटलेल्या अवस्थेत दोन्ही थ्रो मारून गुण घेतले आणि मगच मैदान सोडले. ते दृश्य अनेकांच्या डोक्यात नियम म्हणून बसले आहे.

स्थानिक प्रघात : घोडबंदर रोड किंवा नेरुळच्या सोसायट्यांमधल्या अर्ध्या कोर्टवरच्या खेळात फ्री थ्रो सहसा घेतच नाहीत, फाऊल झाला की ‘बॉल वरून’, म्हणजे कोर्टच्या वरच्या टोकापासून खेळ पुन्हा सुरू.