एसजीपीटी वाढतं ते कुणामुळे?

एसजीपीटी हे यकृताच्या पेशींतलं एक एन्झाइम. रक्तात एरवी चाळिशीच्या आसपास राहणारा त्याचा आकडा रिपोर्टमध्ये हजारावर दिसला, की घरचे म्हणतात, 'व्हायरसनं लिव्हर खाल्लं.' हिपॅटायटिस बीच्या बाबतीत हे फारसं खरं नाही. हा विषाणू यकृताच्या पेशीत शिरतो, तिच्याकडून स्वतःच्या प्रती काढून घेतो, पण तिला सहसा मारत नाही. लागणीनंतर दोन-तीन महिने माणूस ठणठणीत असतो.

मग टी-पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या सैनिक पेशी, येतात. बाधित पेशीच्या पृष्ठभागावर विषाणूच्या प्रथिनाचे तुकडे असतात. ते ओळखून मारेकरी टी-पेशी तिला चिकटते, परफॉरिननं तिच्या आवरणाला भोकं पाडते आणि ग्रॅन्झाइम ही पेशीला मरायला लावणारी एन्झाइम आत सोडते. पेशी आक्रसून मरते. बायोप्सीच्या काचेवर ती गडद गुलाबी गोळीसारखी दिसते. मरणाऱ्या पेशींतलं एसजीपीटी रक्तात उतरतं. म्हणजे तो आकडा विषाणूंची मोजदाद नव्हे, चकमकीची खूण.

पण जवळजवळ सगळं यकृतच बाधित असेल तर? प्रत्येक पेशी मारली तर माणूसच जायचा. नव्वदच्या दशकात कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेत फ्रान्सिस चिसारी आणि सहकाऱ्यांनी उंदरांवर दाखवलं, की टी-पेशींनी सोडलेली इंटरफेरॉन-गॅमा आणि टीएनएफ ही निरोप्या प्रथिनं पेशीला जिवंत ठेवूनच आतल्या विषाणूला आवरतात. मला या आजारातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते. प्रौढांपैकी बहुतेक जण असेच आपसूक बरे होतात, आणि श्रेय मात्र चुन्याच्या पाण्यानं कावीळ उतरवणाऱ्याला मिळतं!

आईकडून जन्मताच लागण झालेल्या बाळाची गोष्ट वेगळी. त्याची प्रतिकारशक्ती विषाणूला बराच काळ खपवून घेते. अशा सुमारे 90 टक्के बाळांत तो ठाण मांडतो. प्रौढांत हे प्रमाण 5 टक्क्यांच्या आत. म्हणून लशीचा पहिला डोस 24 तासांच्या आत हवा. या मुलांचं एसजीपीटी वर्षानुवर्षं नॉर्मल येतं, रक्तात विषाणू कोट्यवधींनी असतानाही. पुढे कधीतरी लढा सुरू होतो, पण अर्धवट: विषाणू संपत नाही, पेशी मरत राहतात, जखमेच्या जागी तंतू साचतात. तोच सिरॉसिस.

मग प्रतिकारशक्तीच दाबली तर? स्टेरॉइड देऊन तेही करून पाहिलं गेलं. आकडा उतरला, विषाणू मात्र वाढला. औषध थांबवताच टी-पेशी दुप्पट जोमानं तुटून पडल्या. केमोथेरपीतही असा धोका असतो. म्हणून कर्करोगाचा डॉक्टर पहिल्या सलाईनआधी एचबीएसएजीची, म्हणजे रक्तात या विषाणूचं प्रथिन शोधणारी, चाचणी करायला सांगतो.