पिवळी गोळी नेमकी कुठली?

डाळिंबाचा आंबे बहार (उन्हाळ्याच्या तोंडावरचा फुलोरा) धरला, परागीभवनासाठी बागेत मधपेट्या ठेवल्या, की सोलापूरकडचा शेतकरी आठ दिवसांत विचारतोच: माशी माझ्या झाडावर जाते, की बांधापलीकडच्या करडईवर? पेटीच्या दारात बसलं तर आत शिरणाऱ्या माशीच्या मागच्या पायांना परागाच्या गोळ्या चिकटलेल्या दिसतात. पिवळ्या. पण पिवळं तर सूर्यफूलही, आणि बाभूळही.

माशी एका फेरीत सहसा एकाच जातीच्या फुलांवर फिरते, हे अ‍ॅरिस्टॉटलनेही नोंदवलं होतं. म्हणून एक गोळी म्हणजे बहुतेकदा एकच वनस्पती. सरमिसळ होते ती मधात. तिथेच सूक्ष्मदर्शक प्रथम कामाला आला: १८९५ साली स्वित्झर्लंडच्या फिस्टर यांनी मधातले परागकण पाहून मध कुठल्या प्रदेशातला, हे ओळखायचा प्रयत्न केला. पुढे जर्मनीत झांडर यांनी १९३५पासून या कामाला शिस्त लावली. ब्रिटनमध्ये डोरोथी हॉजेस यांनी १९५२ साली गोळ्यांचे रंगतक्ते छापले. तक्ते देखणे, पण फुलं तिकडची. आपल्या माळरानाला त्यांचा उपयोग शून्य.

आपल्याकडे देवडीकर आणि ठकार यांनी १९५३ साली महाबळेश्वरच्या मधुवनस्पतींच्या परागांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९६२ साली पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था आली. तरी सह्याद्रीचा जंगलपट्टा वेगळा आणि आमचा ज्वारी-तुरीचा कोरडवाहू मुलूख वेगळा.

रंग फसवतो, आकार सहसा नाही. परागकणाचं बाहेरचं कवच इतकं चिवट, की अ‍ॅसिडमध्ये आतला ऐवज जळाला तरी कवचावरची नक्षी टिकते. स्वीडनचे परागशास्त्रज्ञ एर्टमन यांची पद्धत यावरच उभी आहे. सूर्यफुलाचा कण काटेरी चेंडूसारखा, ज्वारीचा गुळगुळीत आणि एकाच छिद्राचा. बाभळीचे तर अनेक कण एका गठ्ठ्यात चिकटलेले. एकदा पाहिलं की बाभूळ चुकत नाही.

ज्वारीचं मात्र सांगायलाच हवं. फुलोऱ्यावर आली की माश्या सकाळी तिचा पराग नेतात, पण ज्वारीत मकरंद नसतो. म्हणजे मधात तिचे कण सापडले तरी तो ‘ज्वारीचा मध’ होत नाही. मकरंद देणाऱ्या झाडांच्या कणांपैकी एकाच जातीचे ४५ टक्क्यांहून जास्त भरले, तर ती जात प्रमुख, असा संकेत १९७०च्या दशकात रूढ झाला. तोही सरसकट लागू पडत नाही. काही झाडं परागच कमी देतात.

आता डीएनएवरूनही ओळख पटवतात. पण सूक्ष्मदर्शक असो की डीएनए, जुळवायला ओळखीच्या झाडाचा नमुना लागतोच, आणि तो गावातूनच गोळा करावा लागतो: उमलायच्या बेतातली कळी, कागदी पाकीट, वर झाडाचं नाव, शिवार आणि तारीख.