ड्युअल बूट

एकाच संगणकाच्या हार्ड डिस्कवर दोन ऑपरेटिंग सिस्टीम बसवून, मशीन सुरू करताना त्यांतली एक निवडण्याची पद्धत. जोडी बहुधा विंडोज आणि लिनक्सची असते. एका वेळी एकच सिस्टीम चालते. दुसरी डिस्कवर नुसती पडून राहते.

मराठवाड्यात ही जोडी जमते ती गरजेतून. मोंढ्यातल्या आडतीचा हिशेब टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरवर, तहसीलसमोरच्या टायपिंगच्या दुकानातले अर्ज श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये. दोन्हींना विंडोज हवे. त्याच घरातले पोर नांदेडला किंवा छत्रपती संभाजीनगरला इंजिनिअरिंगला गेले की प्रॅक्टिकलसाठी लिनक्स लागते, आणि घरात मशीन एकच. विंडोजच्या आत व्हर्च्युअल मशीन, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेला नकली संगणक, करून उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार) चालवता येते, पण तिथे दोघांना रॅम वाटून घ्यावी लागते. ४ जीबीच्या मशीनला ते झेपत नाही. ड्युअल बूटमध्ये जी सिस्टीम चालू, सगळी रॅम तिची. विंडोज १० चा सर्वसाधारण सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि बरीच जुनी मशीन विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा वेळी टॅलीपुरते जुने विंडोज ठेवून इंटरनेट लिनक्सवरून वापरणे शहाणपणाचे.

मशीन सुरू होताच आधी चालणारे मदरबोर्डवरचे सॉफ्टवेअर जुन्या पद्धतीचे (बायॉस) किंवा नव्या पद्धतीचे (यूईएफआय) असते. जुन्या बायॉस मशीनमध्ये डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरवर, म्हणजे मास्टर बूट रेकॉर्डवर, सगळा खेळ असतो. त्यात बूटच्या कोडला ४४६ बाइट आणि पार्टिशनच्या, म्हणजे डिस्कच्या भागांच्या, तक्त्याला ६४, म्हणून प्रायमरी पार्टिशन चारच. कंपनीने ते चारही आधीच वापरलेले असले, तर रिकामी जागा दिसते पण लिनक्सला घेता येत नाही; एक पार्टिशन मोडून एक्स्टेंडेड करावे लागते. विंडोजचा इन्स्टॉलर तो सेक्टर न विचारता स्वतःच्या नावावर करतो, उलट लिनक्सचा ग्रब, म्हणजे कोणती सिस्टीम सुरू करायची ते विचारणारा त्याचा बूटलोडर, विंडोजलाही मेनूत जागा देतो. ‘आधी विंडोज, मग लिनक्स’ हा क्रम त्यातूनच आला. यूईएफआय मशीनवर दोघांचे बूटलोडर एका छोट्या एफएटी३२ (फायली ठेवण्याची एक साधी पद्धत) पार्टिशनमध्ये आपापल्या फोल्डरात राहतात, त्यामुळे भांडण कमी. तरी विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर मेनू गायब झाला, तर मशीन सुरू होताना यूईएफआयच्या सेटअपमध्ये जाऊन बूटचा क्रम पाहावा. लिनक्स सहसा जागेवरच असते.

बसवताना सगळ्यात नाजूक काम म्हणजे सी ड्राइव्ह आकसून जागा मोकळी करणे. ते विंडोजच्याच डिस्क मॅनेजमेंटमधून करावे. डेटा हलत असताना लाइट गेली तर पार्टिशन अर्धवट राहू शकते, आणि आपल्याकडे लाइटचा भरवसा कुणी देत नाही. लॅपटॉपला बॅटरीचा आधार असतो. डेस्कटॉपवर यूपीएस नसेल तर हे काम हाती घेऊच नये. त्याआधी बाहेरच्या डिस्कवर बॅकअप घ्यावा. बिटलॉकर (विंडोजचे डिस्कला कुलूप लावणारे साधन) चालू असल्यास त्याची ४८ अंकी रिकव्हरी की लिहून ठेवावी. फास्ट स्टार्टअप बंद करावे, कारण ते चालू असताना विंडोज पुरते बंद होतच नाही आणि लिनक्स त्या ड्राइव्हवर लिहायला नकार देते. लिनक्सच्या इन्स्टॉलरमधला ‘इरेज डिस्क’ हा पर्याय निवडला की टॅलीसकट सगळे गेले.

घड्याळाची तक्रार हमखास येते. मदरबोर्डवरची वेळ विंडोज स्थानिक समजते, लिनक्स यूटीसी, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागची जागतिक वेळ. म्हणून लिनक्स वापरून विंडोजमध्ये आले की घड्याळ साडेपाच तास मागे. नेट असले तर वेळ पुढे सुधारते, नसले तर बिलांवर चुकीची वेळ छापली जाते. लिनक्सला स्थानिक वेळ पाळायला सांगितले की प्रश्न मिटतो.

दोघांच्या सामायिक फायलींसाठी एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीचे वेगळे पार्टिशन ठेवतात: लिनक्स ते वाचते-लिहिते, विंडोजला मात्र लिनक्सच्या ईएक्सटी४ पद्धतीचे पार्टिशन सहजी वाचता येत नाही. श्रीलिपीतली जुनी फाइल लिनक्सवर उघडली तर मराठीऐवजी रोमन अक्षरांची खिचडी दिसते. युनिकोड या सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीतली फाइल दोन्हीकडे नीट उघडते आणि इनस्क्रिप्ट (मराठी टायपिंगची प्रमाणित मांडणी) कीबोर्डही दोन्हीकडे तोच.

लिनक्स नको झाले म्हणून विंडोजमधून थेट त्याचे पार्टिशन पुसले, तर बायॉस मशीन ग्रबच्या काळ्या पडद्यावर अडकते. आधी विंडोजच्या इन्स्टॉलरच्या पेनड्राइव्हवरून विंडोजचा बूट रेकॉर्ड दुरुस्त करावा, मग पार्टिशन काढावे.