मकाबी वेगळा, मकाबिया वेगळी

फुटबॉलच्या बातम्यांत मकाबी हे नाव अधूनमधून येतं, आणि आलं की कोणीतरी हमखास म्हणतं, अच्छा, म्हणजे ते ज्यू लोकांचं ऑलिम्पिक ना? नाही हो. 7 नोव्हेंबर 2024 ला ॲमस्टरडॅममध्ये अयाक्सने ज्याला 5-0 धुतलं आणि ज्या मॅचच्या आगेमागे शहरात मारामाऱ्या होऊन जगभर हेडलाइन झाली, तो मकाबी तेल अवीव हा क्लब, आणि ती युरोपा लीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेतली, लीग फेरीची साधी मॅच. ज्यू खेळाडूंची इस्रायलमध्ये ऑलिम्पिकसारखी जी स्पर्धा होते ती मकाबिया, आणि 2024 मध्ये मकाबिया नव्हतीच.

नाव एकाच ठिकाणाहून आलंय हे खरं. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकात ग्रीक राजवटीविरुद्ध लढलेलं मकाबी घराणं, ज्यांच्या विजयाचा हनुक्का हा सण ज्यू लोक साजरा करतात, त्यांचं नाव ज्यू तरुणांच्या व्यायामशाळांनी आणि क्लबांनी घेतलं, मग 1921 मध्ये अशा सगळ्या क्लबांची जागतिक संघटना झाली. पण आपल्याकडे बघा, कोल्हापुरात शिवाजी तरुण मंडळ फुटबॉल खेळतं आणि सरकार शिवछत्रपती पुरस्कार देतं, दोन्हीत नाव महाराजांचंच, तरी कोणी सरमिसळ करत नाही. तसंच आहे हे.

मग ओळखायचं कसं? माझ्या मते मैदानावरचा खेळ बघून नाही, तर टीममध्ये कोणाला घेतात ते बघून.

क्लबचं घ्या. मकाबी तेल अवीव 1906 पासूनचा, मकाबी हैफा 1913 चा, शिवाय मकाबी नेतन्या, मकाबी पेताह तिक्वा वगैरे. हे क्लब एकेकाळी त्या मकाबी चळवळीचे, मध्यमवर्गीयांचे मानले जायचे, कामगार संघटनेचे ते हापोएल आणि उजव्या विचारांचे ते बेतार अशी तिथे वाटणीच होती, पण आता ते सरळसरळ धंद्याचे क्लब आहेत, मालक आहेत, पगार आहेत, ट्रान्सफर आहेत. खेळाडूचा धर्म कोणी विचारत नाही. ऑक्टोबर 2002 मध्ये मकाबी हैफाने चॅम्पियन्स लीगमध्ये मँचेस्टर युनायटेडला 3-0 हरवलं. मॅच हैफाच्या घरची, पण सुरक्षेमुळे इस्रायलमध्ये खेळता येत नव्हतं म्हणून सायप्रसच्या निकोसियात झाली. युनायटेड आधीच पुढच्या फेरीत गेलेले होते आणि त्यांनी कच्ची टीम उतरवली होती हेही सांगायला हवं, नाहीतर हैफावाले फारच हवेत जातात. पण गोल कोणी केले बघा, यानिव कतान इस्रायली, झुताउतास लिथुआनियाचा आणि याकुबू नायजेरियाचा. त्याच काळात वलीद बदीर हा इस्रायलमधला अरब मिडफिल्डरही हैफाकडे होता. म्हणजे नाव मकाबी, टीम जगभरची.

अजून एक गंमत, मकाबी तेल अवीव दोनदा आशियाचा चॅम्पियन क्लब झालाय, 1969 आणि 1971 मध्ये. तेव्हा इस्रायल आशियात खेळायचं. 1964 चा एशियन कप इस्रायलने जिंकला तेव्हा दुसऱ्या नंबरवर आपला भारत होता, हे आज सांगितलं तर लोकांना थापा वाटतात. 1971 च्या क्लब फायनलला इराकच्या टीमने मकाबी तेल अवीवविरुद्ध खेळायलाच नकार दिला, मग 1974 मध्ये आशियाई फुटबॉल संघटनेने इस्रायलला बाहेर काढलं, बरीच वर्षं ते इकडेतिकडे भटकले आणि 1994 मध्ये युएफाचे, म्हणजे युरोपच्या फुटबॉल संघटनेचे, पूर्ण मेंबर झाले. म्हणून हे क्लब आता युरोपात दिसतात.

आता मकाबिया. पहिली 1932 मध्ये तेल अवीवला, दुसरी 1935 मध्ये, आणि त्या दुसऱ्या वेळी कितीतरी खेळाडू परत गेलेच नाहीत, कारण जर्मनीत हिटलर आला होता आणि ब्रिटिशांच्या ताब्यातल्या पॅलेस्टाईनमध्ये शिरायला व्हिसा सहजी मिळत नव्हता, स्पर्धेच्या निमित्ताने आत आले ते तिथेच राहिले. तिसरी मग थेट 1950 मध्ये. नंतर 1953 पासून दर चार वर्षांनी, ऑलिम्पिकच्या पुढच्या वर्षी. कोविडमुळे 2021 ची 2022 मध्ये झाली, आणि 2025 ची इराणबरोबरच्या युद्धामुळे पुढे ढकलावी लागली.

इथे टीममध्ये यायची पहिली अटच वेगळी. बाहेरच्या देशातून येणारा खेळाडू ज्यू पाहिजे, इस्रायलचा असेल तर मात्र नागरिक असला की पुरे, धर्म कुठलाही चालतो. पगार नाहीच, उलट बरेच जण खर्चाचे पैसे स्वतः उभे करून येतात. फुटबॉलमध्ये पुरुष, महिला, ज्युनियर आणि वय झालेल्यांचे मास्टर्स असे गट असतात, त्यामुळे एकाच स्पर्धेत शाळकरी पोरं पण खेळतात आणि ढेरी सुटलेले काका पण. स्पर्धा एवढी मोठी की 2022 ला जवळपास दहा हजार खेळाडू होते आणि उद्घाटनाला अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडन येऊन बसले होते, तरी या मॅचेस फिफाच्या आंतरराष्ट्रीय मॅचेसमध्ये धरत नाहीत. अर्जेंटिनाची जर्सी घातलेला पोरगा म्हणजे मेस्सीचा टीममेट नव्हे, इस्रायलची टीमही आता त्यांची मुख्य राष्ट्रीय टीम नसते. सरळ सांगायचं तर फुटबॉलचा दर्जा क्लबवाल्यांचाच वरचा, त्यात वादच नाही.

भारतातूनही पथक जातं. मुंबई-ठाण्याकडचे बेने इस्रायल, म्हणजे अलिबागच्या पट्ट्यातून आलेले आपलेच मराठी बोलणारे ज्यू लोक. त्यांचा जीव अर्थात फुटबॉलपेक्षा क्रिकेटमध्ये, आणि मकाबियात क्रिकेटही असतं.

पण दर्जा कमी म्हणून मकाबियाचं फुटबॉल अगदीच फालतू समजू नका. 2005 ला अमेरिकेच्या टीमने सिल्व्हर मेडल मिळवलं, त्यात जोनाथन बोर्नस्टीन आणि बेनी फाइलहाबर होते, दोघंही तेव्हा फारसे कोणाला माहीत नव्हते. फाइलहाबर मूळ ब्राझीलमध्ये जन्मलेला, आजोबा नाझींपासून पळून तिथे गेलेले. दोनच वर्षांनी त्याने गोल्ड कपच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेकडच्या देशांच्या स्पर्धेच्या, फायनलला मेक्सिकोविरुद्ध लांबून जो व्हॉली मारला, त्यावर अमेरिका चॅम्पियन झाली. बोर्नस्टीनने 2009 मध्ये कोस्टारिकाविरुद्ध इंज्युरी टाइममध्ये बरोबरीचा गोल केला आणि त्यामुळे तिसराच देश, होंडुरास, वर्ल्ड कपला पोचला. दोघंही 2010 च्या वर्ल्ड कप टीममध्ये होते. आणि गोंधळ वाढवायलाच जणू, हाच बोर्नस्टीन पुढे मकाबी नेतन्याकडूनही खेळला. म्हणजे मकाबियाही झाली आणि मकाबीही झाला, फक्त पहिल्या ठिकाणी वडील ज्यू म्हणून अमेरिकेकडून, आणि दुसऱ्या ठिकाणी लेफ्ट बॅक म्हणून, पगारावर.